उमेदवारी, स्वावलंबन आणि श्रेयांक : विद्यार्थ्यांच्या कार्यानुभवाचा इतिहास (विशेष संदर्भ : मैंदर्गी, ता. अक्कलकोट, जि. सोलापूर)

प्रास्ताविक

मैंदर्गी हे सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेले नगरपरिषदेचे लहान गाव आहे. घरात कन्नड, कचेरीत मराठी आणि बाजारात दोन्ही, अशी या पट्ट्यातील व्यवहाराची भाषिक रीत आहे. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी येथील विद्यार्थ्यास प्रामुख्याने अक्कलकोट वा सोलापूरकडे पाहावे लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या महाराष्ट्रातील अंमलबजावणीनुसार पदव्युत्तर वर्गांना २०२३-२४ पासून, आणि पदवी वर्गांना टप्प्याटप्प्याने, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन घ्यावयाचे प्रशिक्षण अभ्यासक्रमाचा भाग झाले आहे. ऑन जॉब ट्रेनिंग वा आंतरवासिता या नावाने ते ओळखले जाते. त्यास चार श्रेयांक आहेत. एका श्रेयांकास तीस तास या हिशेबाने विद्यार्थ्याने एकशेवीस तास कोठेतरी काम करावे, अशी अपेक्षा आहे.

हे काम कोठे करावयाचे, कोणाच्या हाताखाली करावयाचे आणि त्या काळात विद्यार्थ्याच्या पोटापाण्याचे काय, हे तीन प्रश्न वरवर पाहता नवे वाटतात. परंतु महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात ते किमान दीड शतक वेगवेगळ्या रूपांत उपस्थित होत आले आहेत. त्यांना मिळालेल्या उत्तरांचा मागोवा घेऊन मैंदर्गीसारख्या गावाच्या बाजूने त्यांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उमेदवारीची परंपरा

‘उमेदवार’ हा शब्द आज निवडणुकीच्या संदर्भात अधिक ऐकू येतो. मूळ फारसीत त्याचा अर्थ ‘आशा धरून असलेला’ असा आहे. अव्वल इंग्रजी काळातील कचेऱ्यांत जागा रिकामी होण्याची वाट पाहत विनावेतन काम करणारा तरुण तो उमेदवार. तो नकला करी, टपाल नोंदवी, अव्वल कारकुनाच्या हाताखाली दप्तर लावण्यास शिके आणि जागा निघाली की तिच्यावर हक्क सांगे. ‘उमेदवारी करणे’ या वाक्प्रचारात आजही ही जुनी छटा शिल्लक आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. आरंभीची कित्येक दशके हे विद्यापीठ मुख्यतः परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे मंडळ होते. विद्यार्थ्यास कामाचा अनुभव मिळवून देणे ही आपली जबाबदारी आहे असे त्याने मानले नाही. मानावे अशी कोणाची फारशी अपेक्षाही नव्हती. पदवी आणि नोकरी यांच्यामधली दरी उमेदवारीने भरून निघत असे. मात्र वेतनाविना दोन-चार वर्षे काढण्याची ज्याच्या घरची ऐपत, अथवा ज्याचा कोणी नातलग कचेरीत, त्यालाच ही दरी ओलांडता येई. वार लावून जेवणारा किंवा माधुकरी मागणारा गरीब ब्राह्मण विद्यार्थीसुद्धा काही आधारावर उभा असे. शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या मुलास तेवढाही आधार नव्हता. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात मोडी, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान यांचा अंतर्भाव असावा अशी मागणी केली आणि उच्च शिक्षण व्यवहारास उपयोगी पडत नाही याकडेही लक्ष वेधले. तिची पार्श्वभूमी हीच होय.

कचेरीच्या बाहेर, पेठेतही एक उमेदवारी होती. आडत दुकानात लागलेला मुलगा प्रथम झाडलोट करी, निरोप पोहोचवी, मग वजनाच्या चिठ्ठ्या लिही. पुढे त्याच्या हाती रोजकीर्द येई आणि भरवसा बसल्यावर खतावणी. ही शिकवणी कोणत्याही पुस्तकात नव्हती, तरी तिच्यात एक क्रम होता आणि शिकवणारा माणूस शेजारीच बसलेला असे. कामाच्या अनुभवातून शिकणे म्हणजे काय, याचे हे साधे आणि टिकाऊ उदाहरण आहे. तिचा दोष असा की ती जातीच्या आणि नात्याच्या कुंपणात चाले, आणि शाळेत गेलेल्या मुलाला तिच्यात सहसा जागा नसे.

साताऱ्याचा प्रयोग

शिक्षण घेणाऱ्यानेच काम करावे आणि त्या कामावर शिक्षण उभे राहावे, ही कल्पना संस्थारूपाने महाराष्ट्रात रुजवली ती कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७-१९५९) यांनी. त्यांचे स्वतःचे आयुष्य या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत असता शाहू महाराजांच्या वसतिगृह चळवळीचे वातावरण त्यांनी जवळून पाहिले. पुढे ओगले यांच्या काचकारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्याचे घर, त्याची अडचण आणि त्याच्या मुलाची हुशारी ही त्यांना कळली ती या फिरतीत. म्हणजे शिक्षणसंस्थापकाचा स्वतःचा ‘कार्यानुभव’ विक्रेत्याचा होता. त्यांच्या चरित्रात हा भाग बहुधा घाईने उरकला जातो; वास्तविक त्यांच्या पुढील कामाची व्यवहारी बैठक येथेच तयार झाली असावी.

दि. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधी यांच्या हस्ते त्यास ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नाव देण्यात आले. येथे मुलांनी पाणी भरावे, दळावे, भाकरी भाजाव्यात, शेतात राबावे आणि एकत्र जेवावे असा शिरस्ता होता. बोर्डिंगची तुटपुंजी मिळकत पाहता हे काम म्हणजे निव्वळ संस्कार नव्हता. मुलांनी काम केले नाही तर त्यांची जेवणाची पंगत बसणार नव्हती. वसतिगृह चालवण्यासाठी सौ. लक्ष्मीबाईंना आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही, द्यावे लागले, या प्रसिद्ध हकिकतीतून त्या निकडीची कल्पना येते.

१९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल हे मोफत व निवासी विद्यालय, आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज ही मोफत व निवासी उच्च शिक्षणाची संस्था सुरू झाली. महाविद्यालयीन स्तरावर ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाचा मोठ्या प्रमाणावर अवलंब होण्याची ही सुरुवात. महाविद्यालयीन तरुणाने सकाळी कुदळ हाती घ्यावी आणि दुपारी व्याख्यानास बसावे, ही गोष्ट त्या काळातील पांढरपेशा समाजास विचित्र वाटली असल्यास नवल नाही.

या प्रयोगाचे मूल्यमापन करताना एक फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. साताऱ्यात कुदळ चालवणारे विद्यार्थी पुढे बहुतांशी शिक्षक, प्राध्यापक, वकील, अधिकारी झाले. शेतीकाम हा त्यांचा व्यवसाय झाला नाही. मग त्या कामाचा उपयोग कोणता? व्यवसाय-प्रशिक्षण या अर्थाने फारसा नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. उपयोग होता तो दोन प्रकारचा. एक म्हणजे फी आणि जेवण यांचा प्रश्न दान न घेता सुटला. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ या संस्थेच्या घोषवाक्याचा अर्थ तोच आहे. दुसरा म्हणजे धान्याचा कोठार-हिशेब, भाजीची खरेदी, कामाच्या पाळ्या, भांडणाचा निवाडा या गोष्टी मुलांच्याच हाती असल्यामुळे एक संस्था चालवण्याचा अनुभव त्यांना मिळाला. रयतच्या शेकडो शाखा पुढे ज्या माणसांनी उभ्या केल्या, त्यांपैकी कित्येकांची उमेदवारी या बोर्डिंगांत झाली होती. काम खरे होते, कोणाला तरी त्याची गरज होती, म्हणून ते शिकवून गेले.

सोलापूर जिल्ह्यातही या विचाराचे अनुयायी निर्माण झाले. बार्शी येथे कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी १९३४ साली श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळाची स्थापना करून ग्रामीण मुलांच्या वसतिगृहाचे काम हाती घेतले. अक्कलकोट-मैंदर्गी भागापुरते बोलायचे तर श्रमाच्या प्रतिष्ठेची कल्पना येथे साताऱ्याहून आयात करण्याची गरजच नव्हती. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांचा काही काळ याच जिल्ह्यातील मंगळवेढ्यात गेला. त्यांच्या परंपरेतील ‘कायक’, म्हणजे निष्ठेने केलेले आपले काम, आणि ‘दासोह’, म्हणजे त्या कामाच्या फळात इतरांना दिलेला वाटा, हे दोन्ही शब्द या सीमाभागातील कन्नड भाषक घरांत आजही बोलण्यात आहेत. सोलापूरचे सिद्धरामेश्वर यांनी तलाव खोदवला तो याच भावनेने, अशी परंपरा सांगते. विद्यापीठीय चर्चेत मात्र कार्यानुभवाची वंशावळ बहुधा वर्ध्यापासून सुरू केली जाते.

वर्धा ते कोठारी आयोग

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षणाची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. मुलांनी तयार केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च भागावा, हा तिच्यातील सर्वांत वादग्रस्त भाग होता. स्वातंत्र्यानंतर तो प्रथम सुटला आणि मागोमाग हस्तोद्योगही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ हा शिक्षणाच्या सर्व स्तरांचा अविभाज्य भाग असावा असे सुचवले. शाळा, घर, कार्यशाळा, शेत, कारखाना यांपैकी कोठेही केलेले उत्पादक काम आयोगाच्या व्याख्येत बसत होते. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य अशी संज्ञा वापरली. महाराष्ट्रातील शाळांत ‘कार्यानुभव’ ही वेळापत्रकातील एक तासिका झाली. तिच्यात खडू, मेणबत्त्या, कागदी फुले तयार झाली. ही फुले कोणाला हवी होती, हा प्रश्न विचारला गेला नाही.

विद्यापीठीय योजना आणि शिकाऊ उमेदवार

१९६२ साली शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. सोलापूर जिल्हा या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात होता. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या काळात तेथे गरीब विद्यार्थ्यांसाठी ‘कमवा व शिका’ योजना सुरू झाली. पुणे विद्यापीठानेही कर्मवीरांच्याच नावाने अशी योजना राबवली. दि. १ ऑगस्ट २००४ रोजी एका जिल्ह्यापुरते सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. २०१९ साली त्याचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असे नामकरण झाले. ‘कमवा व शिका’ हा शब्दप्रयोग आता सर्व विद्यापीठांच्या परिचयाचा आहे.

परंतु मधल्या काळात त्या शब्दांखालील वस्तुस्थिती बदलली होती. १९५९-६० च्या सुमारास, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, वार्षिक १,२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना फी माफीची सवलत मिळाली. ई.बी.सी. या नावाने ती सर्वतोमुखी झाली. तिच्यामुळे ग्रामीण मुलांना महाविद्यालयाचे दार खऱ्या अर्थाने उघडले, यात शंका नाही. त्याच वेळी काम करून फी भरण्याची निकड कमी झाली. महाविद्यालयांतील ‘कमवा व शिका’ हे ग्रंथालयातील पुस्तके लावणे, कार्यालयातील नोंदी करणे, बागेची निगा राखणे अशा तासांच्या हिशेबावर येऊन थांबले. त्यातून मिळणारे मानधन गरजू विद्यार्थ्यास मोलाचेच असते. मात्र पूर्वी काम संस्थेला हवे होते; आता काम विद्यार्थ्यासाठी शोधून काढावे लागते. या दोहोंत अंतर आहे, आणि ते विद्यार्थ्याच्या लक्षात लगेच येते.

दि. २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि एक निवासी शिबिर हा तिचा साचा आहे. तिने शहरी विद्यार्थ्यास खेडे दाखवले. खेड्यातूनच आलेल्या विद्यार्थ्यास ती काय दाखवते, याची चर्चा व्हावी तेवढी झाली नाही.

दुसरा प्रवाह कारखान्यांचा. १९६१ च्या अधिनियमाने ‘शिकाऊ उमेदवार’ ही संज्ञा कायद्यात आणली. जुना उमेदवार असा पुन्हा अवतरला. फरक इतकाच, आणि तो महत्त्वाचा, की त्यास आता विद्यावेतन मिळणार होते. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक या कायद्याच्या कक्षेत आले. कला, वाणिज्य वा विज्ञान शाखेच्या पदवीधरास मात्र २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. ग्रामीण महाविद्यालयांतील बहुसंख्य विद्यार्थी याच शाखांचे, हे लक्षात घेतले म्हणजे या चार दशकांच्या विलंबाचा अर्थ कळतो. शिवाय शिकाऊ उमेदवारीला कारखाना लागतो. सोलापुरात १८७७ पासून चालत आलेली जुनी गिरणी १९६३ साली बंद पडली आणि पुढे इतर मोठ्या गिरण्यांचीही तीच गत झाली. यंत्रमाग आणि टॉवेल-चादरींचे कारखाने राहिले, ते बहुतांशी लहान आणि कुटुंबाच्या बळावर चालणारे. पदवीच्या विद्यार्थ्यास रीतसर करार करून ठेवून घेणारी आस्थापना जिल्ह्यात थोडीच.

मैंदर्गीच्या बाजूने पाहता

सोलापूर ते अक्कलकोट हे अंतर सुमारे ४० किलोमीटर. मैंदर्गी त्याच्याही पुढे. एस.टी.चा विद्यार्थी सवलत पास हा घर ते महाविद्यालय या मार्गाचा असतो. अक्कलकोटला शिकणाऱ्या मैंदर्गीच्या विद्यार्थ्याने सोलापुरातील एखाद्या कार्यालयात वा कंपनीत एकशेवीस तास पूर्ण करावयाचे ठरवले, तर रोज सहा तास याप्रमाणे वीस दिवस होतात. एवढ्या दिवसांचा जाण्यायेण्याचा आणि दुपारच्या जेवणाचा खर्च घरातून येणार, आणि काम विनावेतन. तूर काढणीच्या दिवसांत ज्या मुलाचे वा मुलीचे हात शेतात हवे असतात, त्या घराचा खर्च दुहेरी होतो. मुलीच्या बाबतीत संध्याकाळची गाडी चुकली तर काय, हा आणखी एक प्रश्न पालकांसमोर असतो. एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे झाले. त्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. थोडक्यात, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्याच्या घरी खाण्याची सोय त्यालाच उमेदवारी परवडे. श्रेयांकाच्या रूपाने तीच अट, कोणाचा तसा हेतू नसताना, परत येण्याचा संभव आहे.

शासनाने जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना जाहीर केली. १८ ते ३५ वयोगटातील उमेदवारांना शासकीय व खाजगी आस्थापनांत सहा महिने प्रशिक्षण, आणि बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन, अशी तिची मूळ रचना होती. विद्यावेतन देण्याचे तत्त्व येथे स्पष्टपणे स्वीकारले गेले, ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु शिक्षण चालू असलेल्या उमेदवारास या योजनेत प्रवेश नव्हता. अभ्यासक्रमात ज्याला काम सक्तीचे त्याला वेतन नाही आणि ज्याला वेतन त्याचे शिक्षण संपलेले, अशी ही विभागणी. साताऱ्याच्या बोर्डिंगात कमावणे आणि शिकणे ही एकाच मुलाची दोन कामे होती. ती येथे दोन वेगळ्या माणसांत वाटली गेली.

काम दूर आहे, हे गृहीतकही तपासून पाहण्यासारखे आहे. मैंदर्गी परिसरात पदवीच्या विद्यार्थ्यास उपयोगी पडेल असे काम नाही, असे सरसकट समजले जाते. मैंदर्गीजवळच्या दुधनीस रेल्वेस्थानक आहे, बाजार समिती आहे आणि तुरीची मोठी आवक आहे. हमीभावाने तूर घालू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास सातबारा, त्यावरील पिकाची नोंद, आधार आणि बँकेचे पुस्तक यांसह नोंदणी करावी लागते. पिकाची नोंद २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या मोबाइल ॲपवर शेतकऱ्याने स्वतः करावयाची आहे. ॲप मराठीत, शेतकरी कन्नड बोलणारा. सीमेच्या दोन्ही अंगांस जमीन वा सोयरीक असलेल्या कुटुंबांना इकडचा सातबारा आणि तिकडची पहाणी अशी दोन राज्यांची, दोन लिप्यांतील कागदपत्रे सांभाळावी लागतात. महाजन आयोगाने १९६७ साली अक्कलकोट तालुका तत्कालीन म्हैसूर राज्यास द्यावा अशी शिफारस केली होती आणि महाराष्ट्राने ती नाकारली. त्या वादात भाषा हा हक्काचा विषय होता. दस्तऐवज वाचून दाखवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तीच भाषा एक कसब आहे.

हे कसब मैंदर्गीच्या विद्यार्थ्यापाशी बालपणापासून असते आणि शहरातील विद्यार्थ्यापाशी नसते. पूर्वी खतावणी लिहिणारा मुलगा दिवाणजीच्या शेजारी बसून शिके. त्याप्रमाणे बाजार समितीच्या कार्यालयात, विकास सोसायटीत, नगरपरिषदेच्या करविभागात वा तलाठ्याच्या दप्तराशी एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली वाणिज्यशाखेचा विद्यार्थी हिशेब शिकू शकतो, भूगोलाचा विद्यार्थी नकाशे आणि पीकनोंदी, इतिहासाचा विद्यार्थी मोडी व कन्नड कागदांचे दप्तर लावणे. अट एकच, की त्या जाणत्या माणसाने शिकवण्याची जबाबदारी स्वीकारावी. विद्यार्थ्याकडून केवळ छायांकित प्रती काढून घेतल्या आणि शेवटी तासांच्या तक्त्यावर शिक्का मारून दिला, तर कागदी फुलांचीच ती नवी आवृत्ती ठरेल. हा धोका शहरातील कंपन्यांतही तितकाच आहे. फक्त तेथील प्रमाणपत्रावरील नाव मोठे असते.

महाविद्यालयांच्या व्यवहारात सध्या आस्थापना शोधण्याचे काम प्रायः विद्यार्थ्यावरच सोपवले जाते. ज्याच्या घरी कोणी ओळखीचा, त्याला ते जमते. महाविद्यालयाने बाजार समिती, सोसायट्या आणि नगरपरिषद यांच्याशी स्वतः बोलून कामाचे स्वरूप, शिकवणारी व्यक्ती आणि किमान प्रवासखर्च ठरवून घेतला, तर ओळखीचा प्रश्न राहत नाही. शिवाय श्रेयांकाचे वेळापत्रक या भागाला अनपेक्षितपणे अनुकूल आहे. पदवीच्या आराखड्यात हे प्रशिक्षण तिसऱ्या वर्षाच्या सहाव्या सत्रात येते. ते सत्र हिवाळ्यात सुरू होते, आणि दुधनीच्या बाजारात नव्या तुरीच्या गाड्या लागतात त्याही त्याच सुमारास.